एक ओळ वर

परीक्षेच्या वर्गात पर्यवेक्षकासाठी खुर्ची ठेवलेली असते आणि तिच्यावर त्यानं बसायचं नसतं. ही गंमत ज्याला पचते तोच या कामात टिकतो. अडीच तास बाकांमधून चकरा मारायच्या, चपलेचा आवाज होऊ द्यायचा नाही, कोणाच्या पेपरात डोकावायचं नाही, आणि डोकावल्याशिवाय कॉपी पकडता येत नाही म्हणून डोकावायचंही. संघदीपच्या हे सगळं अंगवळणी पडलं होतं. तलाठी भरती असो, बँकेची परीक्षा असो, नाहीतर पोरांची शिष्यवृत्ती, यवतमाळात कुठं पर्यवेक्षक कमी पडला की फोन त्यालाच यायचा. रविवारी सकाळी बोरी अरबवरून एसटी धरायची, पेपर घ्यायचा आणि मानधनाचं पाकीट खिशात घालून परत यायचं. त्याची बायको रुपाली म्हणायची, "तुमी मास्तर हाय का वॉचमन हाय, एकदाचं ठरवून घ्या."

तो मास्तर होता, पण बिनपगारी. बोरीजवळच्या एका खासगी शाळेत कित्येक वर्षं शिकवत होता, अनुदान आज येईल, उद्या येईल या आशेवर. अशा शाळा जिल्ह्यात पैशाला पासरी झाल्या होत्या आणि असे मास्तरही. मागल्या हंगामात बोंडअळीनं उभी कपाशी आतून पोखरली, फवारणी करता करता माणसं दवाखान्यात पोचली, आणि तेव्हापासून घरोघरी एकच ध्यास लागला की एकानं तरी नोकरीला चिकटावं. डी.एड. केलेल्यांची तर रांगच लागली होती. सरकारनं त्या रांगेच्या तोंडाशी एक चाळणी बसवली, तिचं नाव टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. जे आधीपासून शिकवत होते त्यांनाही सोडलं नाही. ठरल्या मुदतीत पास व्हा, नाहीतर घरी बसा.

संघदीप तिसऱ्या खेपेला पास झाला होता. त्याच शाळेतल्या संगीता राठोड मॅडम अजून व्हायच्या होत्या.

घोडं इथंच अडलं होतं. शाळेला यंदा पगारी पद मंजूर होणार होतं आणि ते एकच होतं. संस्थेचे अध्यक्ष डोमाजी अण्णा यांनी दोघांना समोर बसवलं, चहा पाजला आणि सांगून टाकलं.

"मले तुमी दोघंबी सारखेच. पन मॅडम तुमच्याहून जुन्या हाय, तवा पयला हक्क त्यायचा. मातर टीईटी पायजे. या खेपेले पास झाल्या त त्यायचं नाव पाठवतो, नाई झाल्या त तुमचं. मंग मांगून माह्या नावानं बोंबलू नका."

दोघांनी चहा संपवला. त्या दिवसापासून ऑफिसच्या त्या एवढ्याशा खोलीत दोघांच्या खुर्च्या समोरासमोर आणि नजरा खिडकीबाहेर. बोलणं कामापुरतं. "हजेरी झाली का?" "झाली." संपलं.

खरं सांगायचं तर संगीता शिकवायची झकास. गणितात तिला तोड नव्हती. भागाकार म्हटला की पळ काढणारी तांड्यावरची पोरं तिच्या तासाला घंटा झाली तरी हलत नसत. संघदीपला हे माहीत होतं आणि ते त्याला खुपायचं. खुपायचं याची लाजही वाटायची. पण लाजेनं पगार सुरू होत नाही, असं तो स्वतःशीच म्हणायचा आणि पुढचा तास घ्यायला जायचा.

परीक्षा जवळ आली तसा तिनं त्याला त्याचा सराव प्रश्नसंच मागितला. "सर, तुमचा तो जाडा संच मले आठ दिवस द्या ना. आमच्या तांड्यावर कोनाजवळ काईच नाई."

संघदीपच्या तोंडून निघून गेलं, "तो त बाभुळगावले गेला. साळ्यानं नेला."

संच घरात कपाटावर होता. आणि हे असं खोटं पचायला नशीबही लागतं. त्याच आठवड्यात बाजारात संगीताची आणि रुपालीची गाठ पडली. रुपालीला काहीच ठाऊक नव्हतं, तिनं मोकळ्या मनानं सांगितलं की संच घरातच पडला आहे, कधीही येऊन घेऊन जा. संगीता आली नाही. शाळेत तिनं त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. चार शब्द सुनावले असते तर संघदीपचं काळीज हलकं झालं असतं, पण तेवढंही तिनं त्याला दिलं नाही.

परीक्षेच्या रविवारी पावसानं दडी मारली होती. पेरलेलं सगळं वर आलं होतं आणि माना टाकत होतं, त्यामुळे एसटीत जो तो खिडकीतून आभाळाकडे बघत होता. यवतमाळच्या त्या शाळेच्या फाटकावर ही गर्दी. नवरे मोटरसायकलवर टेकलेले, म्हाताऱ्या नातवंडांना कडेवर घेऊन उभ्या, आणि या सगळ्यांमधून परीक्षा देणाऱ्या बाया हातात नुसतं पेन आणि हॉलतिकीट घेऊन आत चाललेल्या. कोणाचे डोळे फवाऱ्यानं लाल, कोणाच्या नखात काल निंदलेल्या वावराची माती.

फाटकाशी त्याला बसंतीबाई दिसली, संगीताची सासू. अंगावर तांड्यावरचा आरशांचा घागरा, कडेवर वर्षाची नात. संघदीपच्या गळ्यातलं पर्यवेक्षकाचं ओळखपत्र बघून म्हातारीचा चेहरा उजळला.

"मास्तर, तुमी आतमंदी हाय का? मंग बरं झालं बाप्पा. आपला मानूस हाय म्हना."

"तसं काई नसते बाई आतमंदी," संघदीप म्हणाला आणि घाईनं पुढं निघाला.

कोणत्या पर्यवेक्षकाला कोणता वर्ग हे परीक्षेच्या सकाळी चिठ्ठ्या टाकून ठरवतात, म्हणजे आधी संधान बांधता येत नाही. संघदीपनं चिठ्ठी उचलली. जवळचं कोणी नातेवाईक परीक्षेला बसलेलं नाही, अशी सही त्यानं नेहमीप्रमाणे ठोकली. मग वर्गाच्या दारात उभा राहून एकेकाचं हॉलतिकीट आणि फोटो पडताळू लागला, तर आठव्या का नवव्या नंबरावर समोर संगीता.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. तिनं हॉलतिकीट पुढं केलं. त्यानं फोटो बघितला, चेहरा बघितला, जणू काही रोज बघतच नव्हता.

"बसा मॅडम. खिडकीकडची रांग, तिसरा बाक."

केंद्रसंचालक बाईंकडे जाऊन, माझ्या शाळेतल्या मॅडम माझ्या वर्गात आल्या आहेत, मला दुसरा वर्ग द्या, असं म्हणता आलं असतं. त्याच्या मनात ते आलंही. पण ही कुठं आपली नातेवाईक, नियमात बसतं तर उगाच कशाला घोळ घाला, असं म्हणून त्यानं तो विचार झटकला. माणूस नियमाचा आधार कधी घेतो ते बघण्यासारखं असतं.

घंटा झाली. त्यानं सीलबंद पाकीट दोन परीक्षार्थींना दाखवून फोडलं, प्रश्नपत्रिका वाटल्या, उत्तरपत्रिका वाटल्या आणि पाठ झालेल्या सूचना म्हणून टाकल्या. काळं बॉलपेन. एका प्रश्नासमोर चार गोल, बरोबर उत्तराचा एकच गोल पूर्ण काळा करायचा. एकदा काळा केला की केला, खोडायचा नाही, दोन गोल भरले तर तो प्रश्न गेला. दुसरी उत्तरपत्रिका कोणालाही मिळणार नाही. वर्गातल्या सगळ्या माना एकदम खाली गेल्या.

आणि संघदीपच्या चकरा सुरू झाल्या.

पहिला अर्धा तास बरा गेला. बालमानसशास्त्राचे प्रश्न संपवून बरेचजण मराठीकडे वळले होते. बाहेर कुठंतरी एक पोर रडायला लागलं. वर्गातल्या दोनतीन बायांच्या माना वर झाल्या, त्यात संगीताची होती. रडणं तिच्या पोरीचंच होतं हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. ती क्षणभर खिडकीकडे बघत राहिली, मग ओठ घट्ट मिटून पुन्हा पेपरात शिरली. बाहेरून बसंतीबाईचा आवाज आला, "याडी आवच, याडी आवच," म्हणजे आई येते, आई येते. हळूहळू पोर थांबलं.

पुढच्या चकरेला तो तिच्या बाकाशेजारून गेला. डोकावायचं नव्हतंच, पण नजर पडली. तिच्या डाव्या हाताचं बोट प्रश्नपत्रिकेवर एकेचाळिसाव्या प्रश्नावर होतं. उजव्या हातातलं पेन चाळिसाव्या ओळीतला गोल काळा करत होतं.

आपण चुकीचं बघितलं असं वाटून तो पुढं गेला. फळ्यापर्यंत जाऊन वळला, दुसऱ्या रांगेतून मागं आला, आणि पुन्हा तिच्याशेजारून जाताना पाय जरा रेंगाळले. बोट त्रेचाळिसावर, पेन बेचाळिसावर.

काय झालं असेल ते त्याला लगेच कळलं. कुठलातरी प्रश्न अडला असेल. येत नसेल ते सोडा, पुढचं घ्या, मागून या, हे प्रत्येक मास्तर पोरांना घोकून घोकून सांगतो, तीही सांगायची. तिनं प्रश्न सोडला, पण उत्तरपत्रिकेवरची त्याची ओळ सोडायची राहिली. नेमकं तेव्हाच पोर रडलं असणार. तेव्हापासून तिचं प्रत्येक उत्तर एक ओळ वर पडत होतं. बरोबर उत्तर, चुकीच्या ओळीत. यंत्राला माणसाची चूक कळत नाही, ते सगळंच चूक धरणार.

संघदीपला तिच्यासाठी वाईट वाटलं. पण त्या वाईट वाटण्यात दुसरंही काहीतरी होतं. ते काय होतं हे त्याला पक्कं माहीत होतं, म्हणून त्यानं तिकडे बघितलंच नाही.

चकरा चालू राहिल्या. आता त्याचे पाय त्याच्या ताब्यात नव्हते. दाराशी गेला तर वाटायचं खिडकीकडे जावं, खिडकीकडे आला तर वाटायचं इथून पळावं. पर्यवेक्षकानं परीक्षार्थीशी पेपराबद्दल बोलायचं नाही, हा नियम. बरं, नाही सांगितलं तर कोणाला कळणार आहे? कोणालाच नाही. सांगितलं तर? सांगितलं तर गणित अजून अख्खं शिल्लक आहे, गणितात तिचा एकही गोल चुकायचा नाही, परिसर अभ्यास आहे, ती पास होईल. आणि डोमाजी अण्णा तिचं नाव पाठवतील. आणि आपण पुढचे कित्येक रविवार असेच दुसऱ्यांच्या बाकांमधून फिरत राहू. मानधनाच्या पाकिटाला घरात आता रुपालीसुद्धा हात लावत नाही, नुसती ताटाशेजारी ठेवलेलं बघते. ते पाकीट बघताना ती काही बोलत नाही हेच त्याला सगळ्यात जास्त लागायचं.

प्रत्येक चकरेला संगीता दोन-चार प्रश्न पुढं गेलेली असायची. मराठी संपलं. इंग्रजी सुरू झालं. गोलामागून गोल काळा होत होता, एक ओळ वर, एक ओळ वर. तिचा हात भराभर चालला होता. पेपर सोपा जात होता तिला. चेहऱ्यावर एक हलकीशी तरतरी आली होती, आणि ती संघदीपला बघवत नव्हती.

इंग्रजी अर्ध्यावर आलं तेव्हा तो थांबला. तिच्या बाकाशी थांबला, वाकला, आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "मॅडम, नंबर पाहून घ्या एकडाव."

तिनं मान वर केली. "कायचा नंबर?"

"उत्तराचा. ओळ चुकली तुमची."

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्या नजरेत राग नव्हता, त्याहून वाईट काहीतरी होतं. कपाटावरचा तो संच त्या नजरेत होता. पेपर सोपा चालला आहे, हात चालतो आहे, आणि हा माणूस मध्येच येऊन म्हणतो ओळ चुकली. आता आपण घाबरावं, दुसरे गोल भरावेत, सगळा चुथडा करून घ्यावा, हेच याला हवं. तिनं कोपर पुढं घेऊन उत्तरपत्रिका झाकली.

"सर," ती हळूच म्हणाली, "तुमी तुमचं काम करा. मले माहं करू द्या."

"मॅडम, तसं नाई..."

"जा तुमी."

तो सरळ झाला. आणि पहिली गोष्ट जी त्याला वाटली ती अशी, की बरं वाटलं. सांगून झालं. आता आपल्याकडे काही नाही. तिनं ऐकलं नाही, त्याला आपण काय करणार? हे बरं वाटणं जेमतेम फळ्यापर्यंत टिकलं. तिथं वळता वळता त्याला स्वतःचीच किळस आली.

तेवढ्यात दारात केंद्रसंचालक बाई उभ्या. त्यांनी त्याला बाहेर बोलावलं.

"काय बोलत होता तिथं?"

"काई नाई मॅडम. सही राह्यलती त्यायची."

"सही खूण करून दाखवा, बोलू नका. भरारी पथक फिरून राह्यलं. मला माझ्या केंद्रावर कटकट नको. परत बोलताना दिसले तर तुमचं नाव कायमचं कापलं जाईल."

"हो मॅडम."

बाई गेल्या. संघदीप वर्गात परतला तो एका नव्या ढालीसह. आता तर साफच बोलता येत नाही. आता बोललो तर रविवारचं कामही जाईल. त्यानं ही ढाल अंगाशी घट्ट धरली आणि चकरा मारू लागला. पण ढालीमागं उभं राहूनही पाय थांबत नव्हते. संगीतानं इंग्रजी संपवलं. गणित काढलं. तिचं गणित सोडवणं बघायला एरवी तो कामं सोडून वर्गाच्या दारात उभा राहिला असता. कच्चं काम नाही, खाडाखोड नाही, प्रश्न वाचला की ओठ जरासे हलायचे आणि पेन खाली यायचं. सगळं बरोबर. आणि सगळं मातीत.

तो तिच्या बाकावरून जाताना तिनं कोपर आणखी पुढं घेतलं. तो जवळ आला की घ्यायची, गेला की सोडायची, आणि तेवढा वेळ तिचं पेनही थांबायचं.

परीक्षा संपायला अर्धा तास उरला की पर्यवेक्षकानं वर्गाला तशी सूचना द्यायची असते. ती मोठ्यानं द्यायची असते, सगळ्यांना, ती नियमातच आहे. आणि त्या सूचनेत, प्रश्नाचा नंबर आणि उत्तराचा नंबर जुळतो का ते सगळ्यांनी एकदा तपासून घ्या, एवढं वाक्य घालायला कोणाच्या बापाची मनाई नव्हती. बहुतेक पर्यवेक्षक ते घालतात. तो स्वतः दर वेळी घालायचा. एका परीक्षार्थीला सांगणं वेगळं आणि वर्गाला सांगणं वेगळं. वर्गाला सांगितलं असतं तर बाजूच्यांनी बघितलं असतं, तिनंही बघितलं असतं, बघितल्यावाचून राहवलंच नसतं. अजून परिसर अभ्यास बाकी होता, गणिताचीही थोडी गणितं बाकी होती. त्यातून ती निघाली असती का? काठावर कदाचित निघाली असती.

तो टेबलाजवळ उभा राहिला. घसा साफ केला. सगळ्यांच्या माना वर झाल्या.

"अर्धा तास उरला," तो म्हणाला.

माना खाली गेल्या. पुढचं वाक्य तोंडात तयार होतं. जिभेवर होतं. त्यानं हातातलं घड्याळ बघितलं, टेबलावरचे जादा कागद उगाच सारखे केले, आणि ते वाक्य गिळून टाकलं. मग खुर्चीच्या पाठीला हात टेकला. दोन तासांत पहिल्यांदाच त्याला बसावंसं वाटलं.

शेवटची मिनिटं होती. काहीजण उत्तरपत्रिका पालथी घालून बसले होते, काहीजण अजून खरडत होते. संगीताचा शेवटचा प्रश्न झाला. तिनं पेनाला टोपण लावलं, केस मागं सारले, आणि उत्तरपत्रिकेवरून सहज एक नजर फिरवली. नजर सगळ्यात खालच्या ओळीवर आली आणि तिथंच थांबली.

शेवटच्या ओळीतले चारही गोल कोरे होते.

तिनं प्रश्नपत्रिका बघितली. शेवटचा प्रश्न सोडवलेला होता. पुन्हा उत्तरपत्रिका. मग तिचं बोट एकेक ओळ वर सरकायला लागलं. परिसर अभ्यास. गणित. बोट वर वर जात होतं आणि तिच्या चेहऱ्यावरचं रक्त खाली खाली उतरत होतं. इंग्रजी. मराठी. मराठीच्या सुरुवातीशी येऊन बोट थांबलं, जिथं एक प्रश्न तिनं सोडला होता आणि त्याच्या ओळीत पुढच्याचं उत्तर काळंभोर बसलं होतं.

संघदीप समोरच्या भिंतीशी उभा राहून हे सगळं बघत होता. तिनं हात वर केला. त्याला जावंच लागलं.

"सर," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, पोरानं खडू मागावा तसा. "दुसरी शीट भेटन काय?"

"नाई भेटत मॅडम."

"हो," ती म्हणाली. "तुमी सांगतलं होतं सुरवातीले."

घंटा झाली. तो बाकाबाकावरून उत्तरपत्रिका गोळा करत आला. तिनं परीक्षार्थीसाठी असते ती खालची कार्बनची प्रत फाडून घेतली आणि वरची त्याच्या हातात दिली. त्यानं ती गठ्ठ्यात घातली, गठ्ठा मोजला, पिशवीत बांधला, सील लावलं. सगळं बिनचूक. केंद्रसंचालक बाईंनी पाकीट देताना म्हटलं, "तुमच्या वर्गाचं काम बघा कसं नीटनेटकं असते. पुढच्या वेळेलाही या."

बसस्टँडवर दारव्ह्याची गाडी लागलेली होती. दुसरी गाडी केव्हा येईल ते देवाला ठाऊक, नाहीतर त्यानं हीच सोडली असती. तो चढला तेव्हा मधल्या सीटवर बसंतीबाई, तिच्या मांडीवर झोपलेली नात, आणि शेजारी संगीता. गाडी भरली होती. संघदीपला त्यांच्याच सीटशी दांड्याला धरून उभं राहावं लागलं.

"पेपर सोपा गेला म्हनते," बसंतीबाई त्याला म्हणाली. "तुमी होते, म्हून धीर आला तिले. नाईतर दर खेपेले येते तवा डोळे सुजलेले राह्यते."

संघदीपनं मान हलवली. संगीता पिशवी मांडीवर धरून समोर बघत होती. ओळ चुकल्याचं तिनं सासूला सांगितलं नव्हतं. लोहारा गेलं, पुढची गावं गेली, दोन्ही बाजूंनी कोरडी वावरं पळत होती. न बोलता उभं राहणं त्याला अशक्य झालं. बसंतीबाईचा डोळा लागला तसा तो खाली वाकला.

"मॅडम, म्या तुमाले सांगतलं होतं."

"हो," ती म्हणाली. "सांगतलं होतं."

"तुमी ऐकलं नाई माह्यं."

"नाई ऐकलं. चुकलंच माह्यं."

यावर त्याचं समाधान व्हायला हवं होतं. तिनं चूक कबूल केली, आता आणखी काय पाहिजे? पण तो तसाच वाकून उभा राहिला, काहीतरी राहिल्यासारखा. थोड्या वेळानं ती एवढंच म्हणाली, "उद्या तिसरीची चाचणी हाय. पेपर म्या काढून ठेवले, कपाटात हाय. मले याले उशीर झाला त तुमी वाटून द्या."

"देतो."

बोरी आलं. गाडी फाट्यावर थांबली. संघदीप माणसांतून वाट काढत दाराशी पोचला, आणि काय वाटलं कोण जाणे, मागं वळला. संगीता उठून त्याच्यामागे दोन पावलं आली होती, सासूला ऐकू जाऊ नये म्हणून.

"एक सांगू का सर," ती म्हणाली. "पयल्यांदा त कोनबी सांगते. मले वाटलं, तुमी मले भेवाडून राह्यले. तुमी दुसऱ्यांदा सांगतलं असतं ना, त मले समजलं असतं का हा मानूस खरं बोलून राह्यला. म्या वाट पाह्यली तुमची. तुमी जवळून जात होते तवा दर खेपेले वाटे, आता बोलते का काय. तुमी बोललेच नाई. मंग म्या म्हटलं, खोटंच होतं."

कंडक्टरनं घंटी मारली. संघदीप खाली उतरला आणि गाडी तांड्याकडे निघून गेली. तो फाट्यावर उभा राहिला. वर्गात बोलायची मनाई होती, केंद्रसंचालक बाईंनी दम दिला होता, हे सगळं तिला सांगता आलं असतं. उद्या शाळेतही सांगता येईल. पण ती वाट बघत होती हे त्याला तेव्हाच, कोपर पुढं घेतलेलं आणि पेन थांबलेलं बघतानाच, कळलं होतं.